बावीस अक्षरी शेरा आणि आतड्याचा कर्करोग

ऑपरेशन होऊन आठ-दहा दिवस झालेले असतात. टाके सुकत आलेले, रुग्ण मऊ भातावर आलेला, आणि घरातले कुणीतरी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात धरून सर्जनच्या केबिनबाहेर बसलेले. रिपोर्टमध्ये लिहिलेले असते ते चांगलेच असते. मोठ्या आतड्यातली गाठ पूर्ण निघाली आहे, कापलेल्या कडा स्वच्छ आहेत, तपासलेल्या एकाही लसिका ग्रंथीत कर्करोगाच्या पेशी नाहीत. म्हणजे दुसरी अवस्था. मग नातेवाईक तो एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, आता केमो लागेल का?" आणि एवढा वेळ भरभर बोलणारे डॉक्टर जरा थांबतात.

थांबण्याचे कारण असे. या अवस्थेतल्या शंभर रुग्णांपैकी साधारण ऐंशी जण नुसत्या शस्त्रक्रियेने बरे होतात. उरलेल्या वीस जणांना काही महिन्यांनी किंवा दोन-तीन वर्षांनी यकृतावर, फुप्फुसावर डाग दिसतो. हे वीस कोण, हे त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली नीट ओळखू येत नाही. गाठीमुळे आतडे फाटले होते का, अडले होते का, गाठ आतड्याच्या बाहेरच्या आवरणापर्यंत पोहोचली होती का, बारापेक्षा कमी ग्रंथी तपासल्या गेल्या का, अशा काही खुणा आहेत. पण त्या अंदाजापुरत्याच. सगळ्यांना केमोथेरपी दिली, तर शंभरातल्या जेमतेम तीन-चार जणांचा जीव त्यामुळे वाचतो. बाकीच्यांच्या वाट्याला येतो तो उलट्या-जुलाबांचा, थकव्याचा त्रास आणि काही औषधांमुळे हातापायांना येणारा बधिरपणा. हा बधिरपणा कधीकधी वर्षानुवर्षे जात नाही. शर्टाची बटणे लावता येत नाहीत, फ्रिजमधली बाटली धरवत नाही.

पचनसंस्थेच्या कर्करोगात, मग तो अन्ननलिकेचा असो, जठराचा असो की मोठ्या आतड्याचा, रुग्ण दगावतो तो बहुतेक वेळा मूळ गाठीमुळे नव्हे, तर ती पसरल्यामुळे. मूळ गाठ सर्जन काढू शकतो. पसरलेल्या पेशी दिसतच नाहीत. म्हणूनच गाठीतल्या काही पेशी आपली जागा सोडून निघतात कशा आणि कोणाच्या सांगण्यावरून, या प्रश्नामागे जगभरातल्या प्रयोगशाळा लागल्या आहेत. गेल्या वीस-बावीस वर्षांत या शोधात एक नाव वारंवार पुढे येते आहे, ते मायक्रोआरएनएचे.

मोठ्या आतड्याची गाठ यकृतातच का जाते, याचे अर्धे उत्तर शरीररचनेत आहे. आतड्यांतून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी एका मोठ्या शिरेतून यकृतात जाते. खाल्लेल्या अन्नातून काय आले, याची झडती तिथे होते. त्यामुळे गाठीतून सुटलेल्या पेशीला वाटेत लागणारे पहिले मोठे ठाणे यकृतच. पण हे अर्धेच उत्तर झाले. रक्तात उतरलेल्या हजारो पेशींपैकी फार थोड्या कुठे रुजतात. इंग्लंडमधील सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या आणि दुसऱ्या जागच्या गाठी वाटेल तिथे होत नाहीत, ठरावीक अवयवांतच होतात, हे दाखवून दिले. बी कुठेही पडले तरी मानवेल त्या जमिनीतच ते उगवते, असा त्यांचा एकंदर विचार. शेतकऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. वैद्यकाला मात्र हे 'मानवणे' म्हणजे नेमके काय, हे समजायला शंभरावर वर्षे लागली.

पहिल्यांदा शंका गेली जनुकांवर. कर्करोग हा मुळात जनुकांतल्या बिघाडाचा आजार; तेव्हा पसरण्यासाठीही एखादा खास नवा बिघाड होत असणार, असे वाटणे साहजिक होते. पण एकाच रुग्णाच्या आतड्यातली मूळ गाठ आणि यकृतातली गाठ यांची जनुके ताडून पाहिली, तर मुख्य बिघाड बहुतेक सारखेच निघू लागले. म्हणजे पुस्तक तेच, आतला मजकूरही जवळजवळ तोच. बदलत होते ते एवढेच, की त्यातली कोणती पाने वाचली जातात आणि कोणती मिटून ठेवली जातात.

पाने मिटून ठेवणाऱ्यांपैकी एकाचा शोध कर्करोगाशी काहीही संबंध नसलेल्या ठिकाणी लागला होता. मातीत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा एक पारदर्शक कृमी आहे, सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स नावाचा. त्याची एक बिघडलेली जात होती. तिची वाढ बालपणाच्या पहिल्या टप्प्यातच अडकायची, तोच टप्पा पुन्हापुन्हा व्हायचा. हा दोष 'लिन-४' या जनुकात होता. अमेरिकेत व्हिक्टर ॲम्ब्रोस या जनुकाच्या मागे लागले होते. ते हाती आले तेव्हा त्यापासून कुठलेही प्रथिन बनत नव्हते. बनत होता तो फक्त २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा. दुसऱ्या प्रयोगशाळेत गॅरी रव्हकन 'लिन-१४' या जनुकाचा अभ्यास करत होते. दोघांनी आपापले क्रम ताडून पाहिले, तेव्हा हा चिमुकला तुकडा 'लिन-१४'च्या संदेशाच्या शेपटीशी जुळतो, हे दिसले. १९९३ साली हे प्रसिद्ध झाले आणि फारशी कुणी दखल घेतली नाही. एका कृमीची लकब, असेच बहुतेकांना वाटले. २००० साली रव्हकन यांच्याच गटाला 'लेट-७' नावाचा दुसरा तुकडा सापडला आणि तो माणसासह कितीतरी प्राण्यांत जसाच्या तसा आहे, हे कळले. मग मात्र धावपळ सुरू झाली. २०२४ चे वैद्यकाचे नोबेल या दोघांना मिळाले ते याच कामासाठी.

हा तुकडा करतो काय? पेशीचे कामकाज एखाद्या सरकारी कचेरीसारखे चालते असे समजा. मूळ दस्तऐवज म्हणजे डीएनए, तो केंद्रकाच्या कपाटात कुलूपबंद. त्यातल्या एखाद्या जनुकावरून हुकमाची नक्कल निघते, तो संदेशवाहक आरएनए. ही नक्कल बाहेर येते आणि तिच्याप्रमाणे प्रथिन तयार होते. मायक्रोआरएनए हा या वाटेवर बसलेला कारकून. त्याच्याकडे साधारण बावीस अक्षरांचा शिक्का आहे. समोरून जाणाऱ्या हुकमाच्या शेपटीशी त्यातली सात-आठ अक्षरे जुळली, की तो त्यावर 'स्थगित' असा शेरा मारतो. हुकूम फाडला जातो किंवा नुसताच पडून राहतो. प्रथिन बनत नाही, किंवा कमी बनते. माणसात असे कारकून हजाराच्या वर आहेत आणि एकेकजण शेकडो हुकमांवर शेरे मारू शकतो. प्रत्येक शेऱ्याचा परिणाम बहुधा मोठा नसतो. पण एकाच कामाच्या दहा फायली एकदम थोड्याथोड्या अडकल्या, की ते काम थांबते. कचेरीत कधी खेटे घातलेल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

कर्करोगाशी त्यांचा धागा जुळला तो २००२ मध्ये. कार्लो क्रोचे यांच्या गटाला रक्ताच्या एका कर्करोगात गुणसूत्राचा जो भाग नेहमी गळालेला दिसे, तिथे दोन मायक्रोआरएनएंची जनुके सापडली. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड येथील संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या गाठी तपासल्या. निरोगी आतड्याच्या तुलनेत गाठीत 'मिर-१४३' आणि 'मिर-१४५' हे दोन मायक्रोआरएनए फारच कमी होते. निष्कर्ष सोपा वाटला: हे दोघे गाठीला लगाम घालत असणार, आणि गाठीतल्या पेशींनी त्यांना गप्प केले असणार. पुढची दहा वर्षे या जोडगोळीवर शोधनिबंधांचा पाऊस पडला.

मग २०१४ साली अमेरिकेतल्या जोशुआ मेंडेल यांच्या गटाने एक साधी गोष्ट तपासली. आतड्याच्या भिंतीत हे दोन मायक्रोआरएनए नेमके कोणत्या पेशींत असतात? उत्तर आले ते अनेकांना अडचणीचे होते. कर्करोग ज्या अस्तराच्या पेशींत सुरू होतो, त्यांत ते जवळजवळ नसतातच. असतात ते अस्तराखालच्या स्नायू आणि आधार देणाऱ्या ऊतीत. निरोगी आतड्याचा तुकडा घेतला की त्यात स्नायू भरपूर येतात, गाठीचा तुकडा घेतला की कमी येतात. मोजणीत दिसलेली घट बऱ्याच अंशी एवढ्यामुळेच होती. भाजी चिरून मिक्सरमधून काढली आणि मग कशात काय होते ते ओळखायला बसले, तर होणार ते हेच. मायक्रोआरएनएविषयी छापून येणारा कुठलाही दावा वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

'मिर-२१' या तुलनेने टिकून राहिला आहे, पण त्याच्याही कथेत असेच वळण आहे. २००८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील कर्टिस हॅरिस यांच्या गटाने मेरीलँडमधील ८४ आणि हाँगकाँगमधील ११३ रुग्णांच्या मोठ्या आतड्यातल्या गाठी तपासल्या. दोन खंडांतल्या, वेगळ्या खाण्यापिण्याच्या माणसांत एकच गोष्ट दिसली: ज्यांच्या गाठीत 'मिर-२१' जास्त, त्यांचे आयुष्य कमी. त्याच वर्षी जर्मनीतल्या संशोधकांनी यामागची एक वाट दाखवली. पेशीत 'पीडीसीडी-४' नावाचे एक प्रथिन असते. ते पेशीला आवरून धरते, आजूबाजूच्या ऊतीत घुसू देत नाही. 'मिर-२१' नेमका याच प्रथिनाच्या हुकमावर शेरा मारतो. प्रयोगासाठी त्यांनी वापरला तो अंड्यातला कोंबडीचा गर्भ. कर्करोगाच्या पेशी गर्भाच्या वरच्या पडद्यावर ठेवायच्या आणि किती पेशी रक्तवाहिन्यांत शिरून फुप्फुसापर्यंत जातात ते मोजायचे. पेशींमधला 'मिर-२१' निकामी केला, तेव्हा जाणाऱ्यांची संख्या घटली.

इथवर गोष्ट सरळ आहे. पण गाठीचे पातळ काप घेऊन 'मिर-२१'ला रंग देऊन पाहिले, तेव्हा तो सर्वांत ठळक दिसला तो कर्करोगाच्या पेशींत नव्हे, तर त्यांच्या भोवतीच्या तंतुमय ऊतीतल्या पेशींत. पॅजेट यांच्या भाषेत सांगायचे तर बियाण्यात नव्हे, जमिनीत. गाठ आपल्या भोवतालच्या निरोगी पेशींना हाताशी धरते, त्या मऊ पडतात, वाट करून देतात, हे आता अनेक बाजूंनी सिद्ध झाले आहे. 'मिर-२१' हे त्या संगनमताचे एक चिन्ह असावे. तोंडातला एक जीवाणूही यात सामील आहे. हिरड्यांच्या आजारात आढळणारा फ्युसोबॅक्टेरियम मोठ्या आतड्याच्या गाठींत जाऊन राहतो; तो पेशींतला 'मिर-२१' वाढवतो आणि उंदरांतल्या गाठी त्यामुळे जास्त वाढतात, असे २०१७ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी दाखवले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात हाच जीवाणू दोन मायक्रोआरएनए कमी करून पेशींना केमोथेरपीतून तगून राहायला मदत करतो, असे दिसले.

पण गाठ प्रत्यक्षात सुटते कशी, हे समजायचे तर 'मिर-२००' या कुटुंबाकडे वळावे लागते. या सगळ्या विषयातला सर्वांत पक्का आणि सर्वांत चकवा देणारा भाग हाच आहे.

आतड्याच्या आतले अस्तर म्हणजे एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींचा एक थर. दहीहंडीच्या सगळ्यात खालच्या थरातले गोविंदा जसे दंडात दंड अडकवून उभे असतात, तशा या पेशी उभ्या असतात. त्यांना जोडणारे मुख्य प्रथिन आहे ई-कॅडहेरिन. ते शाबूत आहे तोवर पेशी हलत नाही. 'झेब-१' आणि 'झेब-२' ही दोन प्रथिने मात्र ई-कॅडहेरिन बनणे थांबवतात. ती वाढली, की पेशी शेजारणींचे हात सोडते, तिचा आकार लांबुळका होतो आणि ती सरकू लागते. गर्भात अवयव घडताना पेशींना असेच फिरावे लागते, त्यामुळे ही युक्ती शरीराला जन्मापासून ठाऊक आहे. कर्करोग ती पुन्हा उकरून काढतो.

झेबना दाबून ठेवण्याचे काम 'मिर-२००' करतो. २००८ साली ॲडलेडमधले ग्रेगरी गुडॉल, जर्मनीतले थॉमस ब्राब्लेट्झ आणि आणखी काही गटांनी जवळजवळ एकाच सुमारास हे दाखवले. गंमत अशी की झेबही गप्प बसत नाही. तो 'मिर-२००'चे जनुकच बंद करतो. म्हणजे दोघे एकमेकांच्या उरावर बसलेले. बागेतल्या सी-सॉसारखी ही रचना आहे: एक बाजू खाली गेली की दुसरी वर जाते आणि मधल्यामध्ये फार वेळ थांबता येत नाही. बाहेरून आलेला जरासा धक्का, उदाहरणार्थ भोवतालच्या पेशींनी सोडलेले एखादे रसायन, पारडे फिरवायला पुरतो.

मोठ्या आतड्याच्या गाठीत हे डोळ्यांना दिसते. गाठीच्या मध्यभागी 'मिर-२००' चांगला असतो, पेशी एकत्र नांदत असतात. गाठ जिथे आतड्याच्या भिंतीत घुसते आहे, त्या कडेवर मात्र तो ओसरलेला असतो आणि तिथून एकेक, दोन-दोन, फार तर चार पेशींचे पुंजके सुटताना दिसतात. अलीकडच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये 'ट्यूमर बडिंग' अशी एक ओळ असते, ती याच पुंजक्यांविषयी. सुरुवातीच्या त्या दुसऱ्या अवस्थेतल्या रुग्णाला केमो द्यावी का, हे ठरवताना आता अनेक डॉक्टर ही ओळही पाहतात. बडिंग जास्त असेल तर धोका जास्त.

आता चकवा. सुटलेली पेशी यकृतात पोहोचली. तिथे तिला एकटीने भटकायचे नाही, वसाहत करायची आहे. त्यासाठी पुन्हा हात धरावे लागतात. भारतीय वंशाचे संशोधक अजय गोयल यांच्या गटाने २०१३ मध्ये एकाच रुग्णाच्या आतड्यातली आणि यकृतातली अशा गाठींच्या जोड्या तपासल्या. यकृतातल्या गाठींत 'मिर-२००सी' मूळ गाठीपेक्षा जास्त होता. त्या जनुकावर बसलेली रासायनिक कुलपे यकृतातल्या पेशींत निघालेली होती. म्हणजे जो मायक्रोआरएनए आतड्यात पेशीला पळू देत नाही, तोच यकृतात तिला घर मांडायला मदत करतो. याचा अर्थ असा की 'मिर-२००' औषध म्हणून टोचले आणि पेशी आधीच निघून गेलेल्या असल्या, तर उपकारापेक्षा अपकार होण्याची भीती. चांगला मायक्रोआरएनए, वाईट मायक्रोआरएनए अशी विभागणी करून लिहिलेल्या बातम्या म्हणूनच दिशाभूल करतात. तो कोणत्या पेशीत आहे आणि प्रवासाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे कळल्याशिवाय त्याच्या असण्यानसण्याला अर्थ नाही.

यकृतात जमीन तयार करण्याचे कामही दुरूनच सुरू होते. पेशी आपल्या आतला थोडा माल पडद्यात गुंडाळून बाहेर सोडत असतात. या अतिसूक्ष्म पुड्यांना एक्झोसोम म्हणतात. २०१८ साली चीनमधल्या संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून सुटणाऱ्या पुड्यांत 'मिर-२५-३पी' सापडल्याचे सांगितले. रक्तवाहिनीच्या आतल्या पेशींनी ही पुडी गिळली, की त्यांच्यातले सांधे सैल होतात, भिंत गळकी होते. उंदरांना आधी या पुड्या टोचल्या, तर नंतर सोडलेल्या कर्करोगाच्या पेशी यकृतात आणि फुप्फुसात जास्त रुजल्या. ज्यांचा कर्करोग पसरला होता, अशा रुग्णांच्या रक्तातही तो जास्त आढळला.

रक्तात आढळला, या दोन शब्दांनीच सगळ्यांच्या आशा वाढवल्या. आरएनए तसा नाजूक, रक्तातल्या विकरांपुढे क्षणभर टिकत नाही. पण मायक्रोआरएनए पुड्यांत किंवा प्रथिनांच्या कुशीत असल्याने टिकतो, हे २००८ मध्ये स्पष्ट झाले. मग बोटभर रक्तावरून कर्करोग आहे का, पसरेल का, परत येईल का, हे सगळे सांगणाऱ्या तपासण्यांची स्वप्ने रंगू लागली. गोयल यांच्याच गटाने रक्तातल्या 'मिर-२००सी'वरून प्रसाराचा अंदाज बांधता येतो, असे दाखवले. हाँगकाँगमध्ये 'मिर-९२ए'वर काम झाले.

अडचणी यायच्या त्या आल्याच. रक्त काढताना सुई जरा चुकली, नळी हलली, प्रयोगशाळेत पोहोचायला उशीर झाला, तर तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातले मायक्रोआरएनए नमुन्यात मिसळतात. 'मिर-९२ए' त्यांतलाच एक. कर्करोग नसतानाही आकडा फुगतो. 'मिर-२१' तर आतड्याला सूज आली, यकृत किंवा हृदयाची ऊती तंतुमय होऊ लागली, तरीही वाढतो. एका प्रयोगशाळेतला संच दुसरीत जुळत नाही. परिणामी शेकडो शोधनिबंध होऊनही आतड्याचा कर्करोग कोणाचा पसरेल हे मायक्रोआरएनएवरून ठरवण्याची तपासणी आज उपचाराच्या नेहमीच्या मार्गदर्शक सूचनांत नाही. एखाद्या खासगी प्रयोगशाळेच्या पत्रकात तसे काही दिसले, तर पैसे भरण्याआधी आपल्या डॉक्टरांना एकच विचारावे: निकाल काहीही आला तरी उपचार बदलणार आहे का?

या शर्यतीत दुसराच घोडा पुढे गेला आहे. गाठीतून रक्तात गळणारे डीएनएचे तुकडे मोजणे जास्त भरवशाचे ठरते आहे. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या अवस्थेतल्या ४५५ रुग्णांवर 'डायनॅमिक' नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. एका गटात शस्त्रक्रियेनंतर रक्तात गाठीचा डीएनए दिसला तरच केमो दिली, दुसऱ्यात नेहमीच्या पद्धतीने. नेहमीच्या गटात २८ टक्के रुग्णांना केमो मिळाली, डीएनए तपासलेल्या गटात फक्त १५ टक्क्यांना. दोन वर्षांनी आजार परतण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच होते. केबिनबाहेर बसलेल्या त्या नातेवाइकांच्या प्रश्नाला मिळालेले आजवरचे सर्वांत थेट उत्तर हेच. डीएनए मात्र गाठ उरली आहे का एवढेच सांगतो. ती पुढे काय करायच्या तयारीत आहे, हे कळण्यासाठी मायक्रोआरएनएवरचे काम चालूच आहे.

औषधाच्या आघाडीवर तर एक मोठी ठेच लागून गेली आहे. 'मिर-३४ए' हा पेशींच्या अनिर्बंध वाढीला आवर घालणारा मायक्रोआरएनए. त्याची प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिकृती स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म थेंबांत भरून शिरेतून देण्याची, माणसांवरची पहिली चाचणी २०१३ मध्ये सुरू झाली. यकृताचा कर्करोग असलेले, यकृतात कर्करोग पसरलेले असे अनेक रुग्ण तीत होते. एकूण ८५ जणांना हे औषध मिळाले. काहींच्या गाठी आक्रसल्याही. पण अनेकांची प्रतिकारशक्ती खवळली आणि चार रुग्ण दगावले. २०१६ मध्ये चाचणी बंद करावी लागली. शेकडो हुकमांवर शेरे मारणारा कारकून एकाच वेळी सगळ्या शरीरात सोडला, की कुठली फाइल कुठे अडेल याचा भरवसा नाही, असे तेव्हा काहींनी म्हटले. थेंबांच्या आवरणाचाही दोष असावा, असे इतरांचे मत. आता मायक्रोआरएनए फक्त गाठीतल्या पेशींनाच चिकटेल अशी जोडणी करण्याचे प्रयत्न प्राण्यांवर चालू आहेत.

आपल्याकडे या सगळ्याला आणखी एक पदर आहे. भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी असले, तरी रुग्ण तरुण असतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आलेल्या सुमारे ८०० रुग्णांच्या एका पाहणीत सरासरी वय ४७ च्या आसपास निघाले. पेशी अंगठीसारख्या दिसतात असा एक आक्रमक प्रकारही इथे जास्त आढळतो. त्यातल्या पेशी मुळातच एकमेकींना नीट धरून नसतात. मेरीलँड आणि हाँगकाँगच्या गाठींवरून काढलेले ठोकताळे या तरुण रुग्णांना जसेच्या तसे लागू पडतील, असे गृहीत धरता येत नाही. आणि उशीर तर आहेच. शौचावाटे रक्त गेले की मूळव्याध समजून चूर्ण, मलम, ओळखीच्या वैद्याचे औषध यांत सहा-सहा महिने जातात. तिशीनंतरच्या सर्वांसाठी असलेल्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे, आतड्याचा नाही. त्यामुळे शौचाच्या सवयीत आठवडेच्या आठवडे टिकलेला बदल, विनाकारण कमी झालेले वजन, रक्तातले घसरलेले लोह यांकडे स्वतःलाच पाहावे लागते. मूळव्याध असली तरी तिच्यामागे गाठ नाही ना, हे बोटाने तपासून आणि गरज वाटल्यास कोलोनोस्कोपीने पाहून घेणे वीस-पंचवीस मिनिटांचे काम आहे.

ऑपरेशन झालेल्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात बसवून ठेवलेले असतात, त्याला ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला जाताना स्लाइडबरोबर ते मागितले जातात, हे टाटाच्या रांगेत उभे राहिलेल्या कुणालाही माहीत आहे. लांबलचक संदेशवाहक आरएनए मेणात वर्षे गेली की तुकडे तुकडे होतो. मायक्रोआरएनए मुळातच एवढासा असल्यामुळे त्यात कितीतरी काळ टिकतो. आजवरचे बरेचसे संशोधन अशा जुन्या ब्लॉकवरच झाले आहे. ब्लॉक हा रुग्णाच्या आजाराचाच भाग आहे. तो कुठे ठेवला आहे आणि किती वर्षे ठेवला जाणार आहे, हे डिस्चार्जच्या वेळी विचारून घ्यावे. तो दुसरीकडे नेला असेल तर परत आणून जपून ठेवावा, उन्हात किंवा गाडीच्या तापलेल्या डिकीत टाकू नये. मेण वितळते.